मायक्रोग्रिड प्रोटेक्शनची लॅब: पहिला प्रयोग न ट्रिप होणाऱ्या रिलेचा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकल विभागात शिकवणाऱ्या मॅडमना मायक्रोग्रिड प्रोटेक्शनची, म्हणजे स्वतःचे वीजस्रोत असलेल्या आणि गरज पडली तर ग्रिडपासून सुटून चालणाऱ्या छोट्या जाळ्यातला बिघाड ओळखून तो भाग तोडण्याची, प्रॅक्टिकल्स सुरू करायची आहेत. सिम्युलेशनचं लायसन्स आहे, निधी बेताचाच आहे, आणि एका पुरवठादाराने तयार ट्रेनर किटचं कोटेशन दिलंय. किट घ्यावं की सिम्युलेशनवर भागवावं, आणि मुलांकडून नेमकं करवून काय घ्यावं?

मॅडम, किट घेऊ नका. निदान पहिल्या वर्षी तरी नको. अशा किटवर फॉल्टचं, म्हणजे मुद्दाम शॉर्ट सर्किट करायचं, बटण असतं. ते दाबलं की रिले (बिघाड ओळखून ब्रेकर पाडणारं उपकरण) ट्रिप होतो, लाल दिवा लागतो, मुलं रीडिंग उतरवतात आणि जर्नलवर सही होते. साध्या रेडियल फीडरपुरतं, म्हणजे एकाच टोकाकडून वीज येणाऱ्या लाइनपुरतं, हे चालून जातं. मायक्रोग्रिडमध्ये दुखणं वेगळंच आहे: फॉल्ट असतो, पण रिलेला तो दिसत नाही. हे ज्याने स्वतः उभं राहून पाहिलं नाही, त्याला पुढचं डायरेक्शनल, डिफरन्शियल, अ‍ॅडॅप्टिव्ह वगैरे सगळं तोंडीसाठी पाठ करायचं प्रकरण वाटतं. माझं काम रिले टेस्टिंग आणि कमिशनिंगचं आहे, अधूनमधून कॉलेजांत शिकवायलाही जातो. मुलाखतीला येणारी मुलं टीएमएसचं (रिलेचा वेळ कमीजास्त करणाऱ्या सेटिंगचं) सूत्र घडाघडा म्हणतात. पण ‘डीजीवर (डिझेल जनरेटरवर) असताना हा ब्रेकर पडेल का?’ असं विचारलं की गप्प होतात.

आधी फळ्यावरचा हिशोब सांगतो, कारण लॅब त्याच्यावरच बेतायची आहे. पिंपळगाव बसवंतकडचं एखादं द्राक्षाचं पॅकहाउस घ्या. ३१५ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, १२५ केव्हीएचा डीजी, पत्र्यावर ५० किलोवॅट सोलर, आणि आता जोडीला बॅटरीवर चालणारा तेवढाच इन्व्हर्टर. प्रीकूलिंगच्या फीडरला १६० अँपिअरचा एमसीसीबी (आपोआप तुटणारा ब्रेकर) आहे, मॅग्नेटिक म्हणजे क्षणात तोडणारं सेटिंग दहा पट, म्हणजे १६०० अँपिअर. ट्रान्सफॉर्मरचा फुल लोड करंट ४२० अँपिअर आणि इम्पिडन्स साडेचार टक्के धरला, तर बसजवळच्या फॉल्टला सव्वानऊ हजार अँपिअर येतात. एमसीसीबी डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतो. सप्लाय गेला, डीजीवर आलो. डीजीचा फुल लोड १७४ अँपिअर, चांगल्या एक्सायटेशनचा असला तर टिकून राहणारा फॉल्ट करंट त्याच्या साधारण तिप्पट, म्हणजे ५२० च्या आसपास. मॅग्नेटिक हलत नाही, थर्मल (तापून सावकाश तोडणारा भाग) तापेपर्यंत वाट बघायची. आता डीजी बंद, फक्त इन्व्हर्टर. ५० किलोवॅटचे ७० अँपिअर, आणि बहुतेक इन्व्हर्टर फॉल्टला दीडपटीच्या पुढे जात नाहीत. १.२ पट धरा, ८४ अँपिअर. फीडर १६० चा आहे. म्हणजे त्या एमसीसीबीच्या लेखी हा फॉल्ट नाहीच, अर्ध्या लोडवर चाललेलं पॅकहाउस आहे.

एकच फीडर, एकच ब्रेकर, जागाही तीच, आणि उत्तरं मात्र तीन. हाच तुमचा पहिला प्रयोग.

तो उभा करायला लागणारं निम्मं सामान तुमच्या मशीन्स लॅबमध्ये धूळ खात पडलं असेल. डीसी शंट मोटरला जोडलेला ३ केव्हीएचा अल्टरनेटर प्रत्येक जुन्या कॉलेजात असतोच. तो तुमचा डीजी. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमधला आयजीबीटी स्टॅक (इलेक्ट्रॉनिक स्विचांचा जोडसंच) हा तुमचा इन्व्हर्टर. इथे बाजारातला सोलर इन्व्हर्टर मुद्दाम घेत नाही. व्होल्टेज कोसळलं की तो आपला आपण बंद होतो आणि आत काय झालं ते कळू देत नाही. स्टॅकमध्ये करंट लिमिट तुम्ही स्वतः प्रोग्राममध्ये घालता, ते बदलून पाहता येतं. लॅबच्या २२० व्होल्ट डीसीवर ११० व्होल्ट तीन फेज आरामात निघतात. त्याच्या आउटपुटला एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, स्टार पॉइंट (तिन्ही फेज एकत्र येतात तो न्यूट्रल) बाहेर काढलेला. तो पुढे अर्थिंगच्या प्रयोगाला लागेल.

सगळी बस ११० व्होल्टची ठेवा. ४१५ व्होल्टवर विद्यार्थ्यांना फॉल्ट मारू देणं मला पटत नाही, कोणी कितीही खात्री दिली तरी. ४१५/११० चा ५ केव्हीए ट्रान्सफॉर्मर ग्रिडच्या बाजूला घ्या. त्याचा इम्पिडन्स चार टक्के असेल तर थेट शॉर्टला साडेसहाशे अँपिअर जातील, म्हणून मध्ये रेझिस्टर हवाच. फेजला ६३.५ व्होल्ट पडतात, २.१ ओहम घातला की करंट ३० अँपिअरवर थांबतो. त्या रेझिस्टरमध्ये मात्र फेजला जवळजवळ १९०० वॉट जळतात. तेव्हा काही सेकंदांचंच रेटिंग असलेला ग्रिड रेझिस्टर घ्या आणि फॉल्टच्या कॉन्टॅक्टरला टायमर लावा. दहा सेकंदांनी रिले पडो न पडो, कॉन्टॅक्टर सुटलाच पाहिजे. या टायमरची वायरिंग मुलांच्या हाती देऊ नका. बाकी सगळी वायरिंग त्यांनीच करायची, फेरूल आणि लग्ज लावून.

फीडरचा पिकअप (ज्या करंटला रिले जागा होतो तो) ३ अँपिअर, सीटी (करंट मोजण्यापुरता लहान करणारा ट्रान्सफॉर्मर) ५/१, स्टँडर्ड इन्व्हर्स कर्व्ह (करंट जास्त तितका वेळ कमी), टीएमएस ०.२. ग्रिडवर फॉल्ट मारा: पिकअपच्या दहा पट, सूत्राने ०.६ सेकंद. रिले तसाच पडतो, मुलं खूश होतात. आता अल्टरनेटर ४१५/११० च्या दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून बसवर घ्या आणि तोच फॉल्ट पुन्हा मारा. करंट पंचविशीच्या आसपास सुरू होतो आणि मशीन दमत जावं तसा दहाच्या जवळ येऊन बसतो. नेमका आकडा तुमच्या मशीनच्या सिंक्रोनस रिअ‍ॅक्टन्सवर अवलंबून आहे, तो मुलांनी ओपन सर्किट आणि शॉर्ट सर्किट टेस्टवरून आधीच काढून आणायचा. तिसऱ्या वर्षी उरकून टाकलेल्या त्या टेस्टचा उपयोग काय, हे त्यांना बहुधा इथे पहिल्यांदा कळतं. रिले पडतो, पण सेकंद उलटून गेल्यावर.

मग स्टॅक. रेटिंग ३ अँपिअर, लिमिट १.२ पट, म्हणजे ३.६ अँपिअर. सूत्र सांगतं ७.७ सेकंद. इथे शक्य असेल तर जुना डिस्कवाला रिले लावाच. विभागात एखादा सीडीजी, म्हणजे तसलाच डिस्कचा रिले, पडलेला असतो. नसेल तर सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पॅनेल रेट्रोफिट झालं की जुने रिले निघतात, विभागाच्या पत्रावर मागितले तर मिळू शकतात. न्यूमेरिकल (मायक्रोप्रोसेसरवर चालणाऱ्या) रिलेच्या स्क्रीनवर नुसता ‘पिकअप’ दिसतो. डिस्कचा रिले मात्र सगळं उघड दाखवतो: डिस्क थरथरते, रेंगाळत पुढे सरकते, आणि अख्खी बॅच स्टॉपवॉच धरून काचेला नाक लावून उभी असते. लिमिट रेटिंगइतकंच केलं की पिकअप ओलांडलाच जात नाही, डिस्क जागची हलत नाही. शेजारी फॉल्टचा रेझिस्टर तापतोय, आणि प्रोटेक्शन स्वस्थ बसलंय. दहाव्या सेकंदाला तुमचा टायमर कॉन्टॅक्टर सोडतो. तो दहा सेकंदांचा वेळ वर्गातल्या तीन लेक्चरांपेक्षा जास्त शिकवतो, असं माझं मत आहे.

लगेच व्होल्टमीटरकडे बोट दाखवा. ३.६ अँपिअर आणि २.१ ओहम म्हणजे साडेसात व्होल्ट. ६३.५ वरून साडेसातवर! करंट वीस टक्क्यांनी वाढला आणि व्होल्टेज अठ्ठ्याऐंशी टक्क्यांनी पडलं. मग मुलांना विचारा की रिलेने कशाकडे बघायला हवं होतं. उत्तर त्यांच्याकडूनच येतं: अंडरव्होल्टेजकडे. लगेच पुढचा प्रश्न टाका. बस एवढीशी, व्होल्टेज सगळीकडेच पडलंय, मग कोणता फीडर सोडायचा? इथून विषय खरा सुरू होतो.

या प्रश्नाला माझ्या अनुभवात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भक्कम उत्तर आहे मर्झ-प्राइस. १९०४ च्या पेटंटची ही डिफरन्शियल योजना. फीडरच्या दोन टोकांना दोन सारख्या सीटी, त्यांच्या सेकंडरी जोडलेल्या, मध्ये एक साधा करंट रिले आणि एक स्टॅबिलायझिंग रेझिस्टर. आत आलेला आणि बाहेर गेलेला करंट सारखा असेल तर मधल्या रिलेला काही मिळत नाही. फॉल्ट आतला असेल तर फरक उरतो, मग तो ३० अँपिअरचा असो की साडेतीनचा. ग्रिड, अल्टरनेटर, स्टॅक, तिन्हींवर तोच रिले तितक्याच वेळात पडतो. सव्वाशे वर्षांपूर्वीची युक्ती इन्व्हर्टरच्या जमान्यात चपखल बसते हे पाहून मुलांना गंमत वाटते. एका सीटीची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करून ठेवा. लोड टाकताच रिले पडेल. कारण शोधायला अर्धा तास द्या आणि आपण बाहेर चहाला जा. अर्थात लॅब असिस्टंट तिथेच हवा.

डायरेक्शनल, म्हणजे फॉल्ट कोणत्या दिशेला आहे ते ओळखणाऱ्या, रिलेचा प्रयोग जरूर करा, पण एक गोष्ट सांभाळून. अल्टरनेटरवर दोन फेजांमध्ये फॉल्ट मारला तर निगेटिव्ह सीक्वेन्स करंट (तीन फेजांतल्या असमतोलाचं माप) भरपूर मिळतो, आणि त्यावर दिशा ठरवणारे रिले बिनचूक चालतात. स्टॅकचा कंट्रोल तीन फेजांत समतोल करंटच सोडायचा अशा पद्धतीने लिहिला असेल, तर फॉल्ट असमतोल असूनही करंट समतोलच राहतात. निगेटिव्ह सीक्वेन्स जवळपास नाहीच, आणि असला तरी त्याचा कोन कंट्रोलवाल्याने ठरवलेला, निसर्गाने नव्हे. रिलेची दिशा चुकते. डिस्टर्बन्स रेकॉर्ड (फॉल्टच्या वेळी रिलेने टिपलेली नोंद) कॉमट्रेड या प्रमाण फॉरमॅटच्या फाइलमध्ये काढा आणि दोन्ही वेव्हफॉर्म एकाखाली एक छापून जर्नलला लावायला सांगा. त्याखाली तीन ओळी लिहायच्या: काय दिसलं, का, आणि सेटिंगमध्ये काय बदलाल. जर्नलमध्ये मला एवढंच वाचायला आवडतं. ‘उपकरणांची यादी’ आणि ‘निष्कर्ष: प्रयोग यशस्वी’ यात कोणाला रस आहे?

अ‍ॅडॅप्टिव्ह प्रोटेक्शन हा शब्द फार भारी वाटतो. लॅबपुरता त्याचा अर्थ न्यूमेरिकल रिलेमधले दोन सेटिंग ग्रुप, एवढाच. ग्रिडच्या कॉन्टॅक्टरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट रिलेच्या बायनरी इनपुटला द्या: ग्रिड आहे तर ग्रुप एक, आयलंड झालो, म्हणजे ग्रिडपासून सुटून एकटे चाललो, तर ग्रुप दोन. ग्रुप दोनमध्ये पिकअप खाली आणि सोबत अंडरव्होल्टेजची अट. सगळं छान चाललं की ती एक वायर हळूच काढून घ्या. आता आयलंड आहे, पण रिलेला वाटतंय ग्रिड आहे. मुलांना ठरवू द्या की वायर तुटली तर रिलेने कोणत्या ग्रुपमध्ये जायला हवं, आणि मग कॉन्टॅक्ट नॉर्मली ओपन घ्यायचा की क्लोज. आयईसी ६१८५० आणि गूस (रिलेंनी नेटवर्कवरून एकमेकांना पाठवायचे संदेश) शिकवायचं असेल तर या वायरच्या जागी नेटवर्क केबल आणा, त्याआधी नको. नुसतं वायरशार्क (नेटवर्कवरचा डेटा दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून पॅकेट दाखवली तर ते कॉम्प्युटर नेटवर्कचं प्रॅक्टिकल होतं.

अँटी-आयलंडिंगला (ग्रिड गेल्यावर इन्व्हर्टर आपण होऊन थांबतो का, या चाचणीला) मात्र बाजारातलाच इन्व्हर्टर वापरा, २३० व्होल्टवर, सिंगल फेज, मांडणी पूर्ण बंदिस्त ठेवून. आपल्याकडे सीईएच्या (केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या) २०१३ च्या नियमांनुसार नकळत आयलंड झालं तर दोन सेकंदांत वीज सोडणं थांबलं पाहिजे. आयईईई १५४७ चाही आकडा दोन सेकंदच. टेस्टची पद्धत आयईसी ६२११६ मध्ये आहे, आपलं आयएस १६१६९ तेच सांगतं. आरएलसी लोड लावायचा, क्वालिटी फॅक्टर १. एक किलोवॅटला रेझिस्टर ५२.९ ओहम, चोक ०.१६८ हेन्री, कपॅसिटर ६० मायक्रोफॅरड. मोटर-रन जातीचे ४४० व्होल्टचे कपॅसिटर समांतर जोडून साठ सहज जमतात, फक्त डिस्चार्ज रेझिस्टर विसरू नका. चोक मात्र गुंडाळून घ्यावा लागेल. गॅप बदलता येईल असा घ्या, नाहीतर ५० हर्ट्झवर मेळ बसत नाही. लोड आणि इन्व्हर्टरची पॉवर अगदी जुळवली आणि मेन्सचा ब्रेकर उघडला, की इन्व्हर्टरला काही क्षण पत्ताच लागत नाही. लोड दहा-वीस टक्के बिघडवला की तो पटकन सुटतो. ऑसिलोस्कोपवर दोन्ही वेळा मोजा, कर्व्ह काढा. निकाल दोन सेकंदांच्या आत असला तरी कर्व्हचा आकार समजावून सांगता आला पाहिजे.

आता जो प्रयोग जवळजवळ कुठेच होत नाही आणि ज्याच्यावाचून प्रत्यक्षात माणसं दगावतात, तो म्हणजे न्यूट्रल अर्थिंग. ग्रिडवर असताना ४१५/११० ट्रान्सफॉर्मरचा स्टार पॉइंट अर्थ केलेला असतो. ग्रिडचा कॉन्टॅक्टर चारही पोल तोडून उघडला की तो अर्थ आयलंडपासून तुटला. मागे राहिलेल्या यंत्रणेला अर्थच नाही. बसच्या तिन्ही फेजांना अर्थपर्यंत तीन व्होल्टमीटर लावून ठेवा. आयलंडमध्ये एक फेज रेझिस्टरमधून अर्थला लावा. करंट नगण्य. अर्थ फॉल्ट रिले ढिम्म. पण मीटर पाहा: एक शून्यावर, उरलेले दोन ६३.५ सोडून ११० वर. म्हणजे इन्सुलेशनवर १.७३ पट ताण आलाय आणि कुठे अलार्म नाही, काही नाही. आता दुसऱ्या फेजला हात लागलेल्या माणसाचा विचार करायला सांगा.

उपाय म्हणजे स्टॅकच्या ट्रान्सफॉर्मरचा स्टार पॉइंट एका वेगळ्या कॉन्टॅक्टरमधून अर्थ करणं. ग्रिड सुटल्याबरोबर तो लागला पाहिजे. हे इंटरलॉक मुलांकडूनच वायर करून घ्या. मग उलट चूक दाखवा. ग्रिड चालू असताना दोन्ही अर्थ जोडलेले ठेवले की न्यूट्रलचा करंट दोन वाटांनी विभागला जातो आणि लोड असमतोल असला की अर्थ लीकेज रिले विनाकारण पडतो. हॉस्पिटलमध्ये, बंगल्यांवर हायब्रिड इन्व्हर्टर बसवल्यावर ‘आरसीसीबी (गळती दिसली की तोडणारा स्विच) सारखा पडतो’ किंवा ‘पडतच नाही’ या तक्रारींच्या मुळाशी बऱ्याचदा हाच न्यूट्रल असतो. या एका प्रयोगाला पूर्ण दोन टर्न (प्रॅक्टिकलच्या पाळ्या) द्या, बाकी काही गळलं तरी चालेल.

रिव्हर्स पॉवरचा, म्हणजे जनरेटरमध्ये उलटी वीज शिरण्याचा, प्रयोग सोपा आहे. अल्टरनेटर आणि स्टॅक समांतर चालवा, लोड कमी करत जा. स्टॅकची जास्तीची पॉवर अल्टरनेटरमध्ये शिरते. द्राक्षाच्या हंगामात दुपारी कॉम्प्रेसर कटऑफ झाले की नेमकं हेच होतं, डीजी रिव्हर्स पॉवरवर बाहेर पडतो आणि मालक डीजीच्या मेकॅनिकला शिव्या घालतो.

सिम्युलेशनचं म्हणाल तर ते हवंच, पण प्रयोगाच्या आधी. प्रत्येक गटाने आदल्या आठवड्यात मॉडेल चालवून अपेक्षित करंट, व्होल्टेज आणि वेळ लिहून आणायची, तो कागद दाखवल्याशिवाय पॅनेलला हात नाही. मोजलेलं आणि काढलेलं यात तफावत आली की सीटीचं बर्डन (तिच्या सेकंडरीवरचा भार), कॉन्टॅक्टरची वेळ, वायरचा रेझिस्टन्स, सगळं आपोआप चर्चेला येतं. मॉडेलमध्ये सीटी आदर्श असते. तुमच्या ५/१ सीटीला जास्तीचं बर्डन लावून सॅच्युरेट करून दाखवा म्हणजे फरक कळेल.

सुरक्षेचं थोडक्यात, कारण हे तुम्हाला माहीतच असणार. सीटीची सेकंडरी कधीही उघडी नाही. शॉर्टिंग लिंकचे टर्मिनल ब्लॉक वापरा आणि लिंक टाकल्याशिवाय स्क्रू ढिला नाही. आयएस १५६५२ ची मॅट, दोन ठिकाणी इमर्जन्सी स्टॉप, फॉल्टची किल्ली शिक्षकाच्या खिशात. एका पॅनेलवर पाचपेक्षा जास्त मुलं नकोत: एक वायरिंग वाचणारा, एक जोडणारा, एक तपासणारा, दोघं मोजणारे, दर टर्नला अदलाबदल. ११० व्होल्टनेही माणूस मरतो, हे पहिल्याच दिवशी सांगा.

तोंडी परीक्षेत सूत्र विचारू नका. एक डिस्टर्बन्स रेकॉर्ड हातात द्या आणि विचारा: फॉल्ट कुठे होता, स्रोत कोणता होता, रिले बरोबर वागला का? दोन महिने पॅनेलवर घालवलेला मुलगा किंवा मुलगी पाच मिनिटांत बोलू लागते. शिलापूरला सीपीआरआयची (केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची) टेस्टिंग लॅब आहे, एकलहऱ्याला औष्णिक केंद्र आहे, अंबडला स्विचगिअर बनतं; भेटीची परवानगी काढा, पण लॅब झाल्यावर. आधी नेलं तर मुलं सेल्फी काढून येतात, नंतर नेलं तर तिथल्या इंजिनिअरला प्रश्न विचारून भंडावून सोडतात.

खरेदीचा क्रम: आधी ट्रान्सफॉर्मर, फॉल्ट रेझिस्टर, कॉन्टॅक्टर आणि सीटी. मग एक न्यूमेरिकल रिले, दोन नव्हेत. त्याला निदान दोन सेटिंग ग्रुप, डायरेक्शनल आणि अंडरव्होल्टेज, चार बायनरी इनपुट आणि कॉमट्रेड रेकॉर्ड हवा. सॉफ्टवेअर फुकट मिळतं की लायसन्स लागतं ते ऑर्डर द्यायच्या आधी विचारून घ्या. आणि पीओवर (खरेदी आदेशावर) ‘१ अँपिअर सेकंडरी’ असं स्वच्छ लिहा. ५ अँपिअरचा रिले आला तर ५/१ च्या सीटीवर ३ अँपिअरचा पिकअप बसणं अवघड, आणि वरचं सगळं गणित पुन्हा मांडावं लागेल.